चार अंडी

नारिनहून निघतानाच बेकतूरने
पोहायची रिंग घरूनच फुगवून आणली होती.
सरोवर अजून पावणेदोनशे किलोमीटर लांब,
आणि मागच्या सीटवर तो, झामिरा,
मधे ती रिंग, गुलाबी, बदकाच्या मानेची.
आरशात मला रस्ता दिसेना. बदक दिसायचं.

गाडी बाबांची, माझ्याहून वयाने मोठी ऑडी.
लायसन्स माझं, अकरा दिवसांचं.
परवानगी म्हणाल तर
बाबा झोपेत 'हं' म्हणाले होते
आणि मी त्या 'हं'वर
टाकी फुल करून घेतली.

डोलोनच्या चढावर काटा वर सरकू लागला.
आम्ही गाणी मोठी केली.
काटा लाल पट्ट्यात गेला,
तिथे जरा थरथरला,
आणि मग त्यानेच हात टेकले.
बॉनेटखालून वाफ. हिरवट, गोडसर वासाची.
आधी गाडीच्या तोंडचं पाणी पळालं,
मग आमच्या.

होतं नव्हतं ते ओतलं:
दोन बाटल्या पाणी,
थर्मासमधला चहा,
झामिराच्या आईने दिलेलं जर्दाळूचं सरबत.
रेडिएटर सगळं प्यायला
आणि सगळं डांबरावर सोडत राहिला,
म्हाताऱ्या पाहुण्यासारखा, न लाजता.

कोळशाचे ट्रक धूळ उडवत गेले.
एका ड्रायव्हरने हात हलवला.
बदकाला.

मग गाढवावरून एरमेक आला.
दहा वर्षांचा, नाक सोललेलं,
कोकच्या बाटल्यांतून घोडीचं आंबवलेलं दूध विकणारा.
वाकून खालचं ओलं बोटाला लावलं, चाखलं.
'जर्दाळू,' म्हणाला.
मग म्हणाला, 'अंडी लागतील. चार.
गरम पाण्यात शिजतात आणि भोक धरतात.
एकाचे चाळीस सोम.'
बाजारात पंधराला मिळतात, बेकतूर म्हणाला.
'मग बाजारातून आण,'
एरमेक म्हणाला, आणि गाढव वळवलं.

चाळीसने घेतली.

सिग्नल वर, दगडांच्या ढिगापाशी,
तोही उजवा हात उंच धरला तरच.
म्हणून स्पीकर लावून, हात आभाळात,
शपथ घेतल्यासारखी उभी राहून
मी बाबांना सगळं सांगितलं. बदक सोडून.
ते गप्प.
वारा गप्प नव्हता, त्यामुळे
किती वेळ गप्प ते कळलं नाही.

मग म्हणाले, 'नुसतं पांढरं टाक.'

मी म्हटलं, काय?

'पिवळं टाकू नकोस, नळ्या तुंबतात.
तुझी आई तेव्हा सांगत होती, मी ऐकलं नाही.
सोळा तास बसलो होतो
तिथेच कुठेतरी, दगडांपाशी.
ती रडली नाही. पत्ते काढले.'
आणि लाइन तुटली.

आईचं आणि पत्त्यांचं
मला आजवर कुणी बोललं नव्हतं.
मी खूप वेळ हात वरच धरून उभी राहिले.

खाली आले तर बेकतूरने
चारही अंडी फोडून टाकली होती,
पिवळ्यासकट.

रात्र गाडीत काढली. उन्हाळा असून बोटं गारठली.
बदकाची मान तिघांत मिळून एक उशी.
पहाटे भीत भीत इंजिन चालू केलं, तर
थेंब थांबलेले. का, ते अजून ठाऊक नाही.
उतारावर ताशी तीसने
आम्ही ऑम्लेटच्या वासात बसून
सरोवराला पोचलो.

सरोवराबद्दल फार सांगण्यासारखं नाही.
निळं होतं. पाय बधिर झाले.
बेकतूर रिंगेत बसला आणि
मान आधी गळाली, मग बाकीचं.
धुरावलेला मासा घेतला,
त्याच्यावर उरलेले पैसे संपले.

घरी आलो तर बाबा फाटकात उभे.
माझ्याकडे पाहिलंच नाही,
सरळ बॉनेट उघडलं,
वाकले,
डोळे मिटून लांब वास घेतला.
मी म्हटलं, आता फुटणार.

'मीठ कमी पडलंय,' बाबा म्हणाले,
आणि आत वळून आईला हाक मारली:
'अगं, पत्ते कुठे ठेवलेत आपले?'